दोन डॉक्टर, दोन सल्ले: साडेचार महिन्यांच्या बाळाचा काचबिंदू

पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी साडेचार महिन्यांची आहे. जन्मल्यापासून तिचे डोळे मोठे. येईल तो म्हणायचा, काय टपोरे डोळे आहेत! दीड महिन्याची असताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उजेडात नेलं की डोळे घट्ट मिटून घ्यायची, माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. एका ठिकाणी सांगितलं, अश्रूंची नळी बंद आहे, नाकाच्या कडेला मालिश करा. त्यात महिना गेला. मग डाव्या डोळ्यावर निळसर पांढुरकी झाक दिसली तेव्हा आम्ही धावलो. भूल देऊन तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत जन्मजात काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याचा दाब २४, डाव्याचा ३२. कॉर्निया उजवा १२ मिलिमीटर आणि बऱ्यापैकी स्वच्छ, डावा साडेतेरा आणि धुरकट.

पुण्याचे डॉक्टर म्हणतात, उजव्या डोळ्याला गोनिओटॉमी आणि डाव्याला ट्रॅबेक्युलोटॉमी करू. हैदराबादचे म्हणतात, दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी ट्रॅबेक्युलोटॉमी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी एकत्र करू. अमेरिकेतले दीर म्हणतात, तिकडे दिवा लावलेली बारीक नळी घालून करतात, तेच करा. गावातले डॉक्टर म्हणतात, एवढ्या लहान जिवाला भूल नको, वर्षाची होऊ द्या, तोवर थेंब घाला. घरात सगळ्यांना हेच पटतंय. सध्या डोर्झोलामाइड आणि टिमोलॉलचे थेंब चालू आहेत.

आणखी एक. हे माझे आतेभाऊ, सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. आमच्या नात्यातल्या लग्नामुळे हे झालं का? पुढच्या बाळालाही होईल का? आणि यातलं नक्की कोणतं ऑपरेशन चांगलं?

एक आई, नांदेड जिल्हा

उत्तर:

ताई,

आधी 'वर्षाची होऊ द्या' या सल्ल्याबद्दल बोलते, कारण तो मानलात तर बाकीच्या चर्चेला अर्थच उरणार नाही. थांबू नका. मोठ्या माणसाच्या काचबिंदूत थेंबांवर वर्षानुवर्षं काढता येतात. तान्ह्या बाळाच्या काचबिंदूत शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे, थेंब फक्त तिथवर पोचण्यापुरते.

असं का, ते सांगते. डोळ्याच्या आत पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, आणि बुबुळाचा रंगीत पडदा जिथे एकमेकांना मिळतात, त्या कोनात एक बारीक जाळी असते. तिच्यातून हा द्रव श्लेमच्या नलिकेत आणि तिथून रक्तात जातो. तुमच्या लेकीच्या डोळ्यांत ही जाळी गर्भात असतानाच नीट घडली नाही. मोरीच्या जाळीला भोकंच अर्धवट पडलेली असावीत आणि वर नळ चालू असावा, तसं झालंय. थेंब नळ थोडा बारीक करतात, जाळी मोकळी करत नाहीत.

बाळाच्या डोळ्याची भिंत मऊ असते. आत दाब वाढला की डोळाच ताणला जातो. साधारण तीन वर्षांपर्यंत हे ताणलं जाणं चालू राहू शकतं. नवजात बाळाचा कॉर्निया साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटरचा असतो, पहिल्या वर्षात तो १२च्या पुढे गेला तर आम्ही सावध होतो. ताण वाढला की कॉर्नियाचा आतला पातळ थर चिरतो, त्या चिरांतून पाणी आत शिरतं आणि काच धुरकट होते. डाव्या डोळ्यावर तुम्हाला दिसलेली झाक म्हणजे हेच. पाणी येणं, उजेड सहन न होणं, डोळे मिटून घेणं ही तीन लक्षणंही त्यातूनच येतात. अश्रूंची नळी बंद असलेलं बाळ उजेडाला असं भीत नाही आणि त्याचा कॉर्नियाही मोठा नसतो. हे वाचणाऱ्या इतर आयांनी एवढं ध्यानात ठेवावं: पाणी येणं आणि उजेड टाळणं हे जोडीने दिसलं, किंवा बाळाच्या टपोऱ्या डोळ्यांचं फार कौतुक व्हायला लागलं, तर कॉर्निया मोजून घ्या.

ताणलेला डोळा नंतर लहान होत नाही. पण दाबामुळे डोळ्यामागच्या नसेवर पडलेला खळगा तान्ह्या बाळात दाब उतरल्यावर काही अंशी भरून येऊ शकतो. मोठ्यांच्या काचबिंदूत हे सहसा होत नाही. तीन महिने ते एक वर्ष या वयात कोनावरच्या शस्त्रक्रियांना सगळ्यात चांगलं यश येतं, पाचातल्या चार डोळ्यांच्या आसपास, कधी एकदा करून तर कधी दुसऱ्यांदा करून. जन्मतःच धुरकट डोळे घेऊन आलेल्या बाळांत आणि वर्ष उलटून गेल्यावर हे यश कमी होत जातं. म्हणजे ज्या महिन्यांत थांबायला सांगितलं जातंय, तेच नेमके कामाचे महिने आहेत. शिवाय याच महिन्यांत मेंदू बघायला शिकतो. धुरकट काचेतून त्याला काही शिकता येत नाही.

आता शस्त्रक्रियांकडे येऊ. नावं पाच-सहा ऐकली असलीत तरी मार्ग दोनच आहेत. एक, मूळची जाळी उघडायची. दोन, पाण्याला नवी वाट काढून द्यायची. तान्ह्या बाळात पहिला मार्ग आधी, हे जगभर मान्य आहे. गोनिओटॉमी, ट्रॅबेक्युलोटॉमी आणि तुमच्या दिरांनी सांगितलेली दिव्याची नळी हे तिन्ही पहिल्या मार्गातले प्रकार आहेत.

गोनिओटॉमी सान फ्रान्सिस्कोच्या ओटो बार्कन यांनी १९४०च्या सुमारास रुजवली. त्याआधी यातली बहुतेक मुलं आंधळी होत. बाळाची मान एका बाजूला वळवतात, मायक्रोस्कोप तिरपा करतात, डोळ्यावर एक छोटं भिंग ठेवतात. त्यातून समोरचा कोन दिसतो. कानाकडच्या बाजूने कॉर्नियाच्या कडेतून बारीक पातं आत जातं, डोळ्याच्या पुढच्या पोकळीतून आरपार नाकाकडच्या कोनापर्यंत पोचतं आणि जाळीवर वरवर एक चीर देतं, घड्याळाच्या चार तासांएवढी. पातं पुढे सरकतं तसतशी मागे एक पांढरी रेघ उघडत जाते आणि पुढे ओढला गेलेला रंगीत पडदा मागे सरकतो. सर्जनला हे डोळ्यासमोर दिसतं, चीर बरोबर पडली की नाही ते तिथल्या तिथे कळतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला आणि त्यावरच्या नाजूक आवरणाला या शस्त्रक्रियेत हात लागत नाही. ही मोठी जमेची बाजू आहे. पुढे कधी दुसरी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर ते आवरण कोरं मिळतं. अट एकच: काच स्वच्छ हवी. कोन दिसलाच नाही तर पातं चालवायचं कुठे?

म्हणून ट्रॅबेक्युलोटॉमी. १९६० साली अमेरिकेत हर्मन ब्युरियन आणि लंडनमध्ये रेडमंड स्मिथ यांनी ती स्वतंत्रपणे सुचवली. यात बाहेरून काम करतात. पांढऱ्या भागावरचं आवरण उघडून खाली एक छोटा पापुद्रा उचलायचा आणि श्लेमची नलिका शोधायची. कसब लागतं ते या शोधण्यात. ताणून मोठ्या झालेल्या डोळ्यात खुणा सरकलेल्या असतात, नलिका केसाएवढी बारीक असते आणि कधी कधी सापडतच नाही. सापडली की धातूची वाकडी सळई आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला आत सरकवायची आणि पुढच्या पोकळीत फिरवायची. जाळी आतून फाटते. दोन्ही बाजू मिळून वर्तुळाचा साधारण एक तृतीयांश भाग उघडतो. काच धुरकट असली तरी हे करता येतं.

दीर म्हणतात ती याचीच पुढची पायरी. सळईऐवजी नलिकेतून दोरा किंवा टोकाला दिवा असलेली बारीक नळी सगळा फेरा मारून बाहेर काढतात आणि दोन्ही टोकं ओढून ३६० अंशांत जाळी उघडतात. दिव्यामुळे टोक कुठे पोचलं ते पांढऱ्या भिंतीतून दिसतं, चुकीच्या जागी शिरलं तर लगेच कळतं. नळी एकदाच वापरायची असते आणि महाग पडते. आपल्याकडचे कित्येक सर्जन प्रोलीन नावाच्या टाके घालायच्या दोऱ्याचं टोक गरम करून बोथट करतात आणि त्याच दोऱ्याने फेरा पूर्ण करतात. फेरा मध्येच अडला तर जेवढं जमेल तेवढंच उघडायचं. दिवा नाही म्हणून शस्त्रक्रिया हलकी ठरत नाही.

हैदराबादच्या डॉक्टरांनी सुचवलेली जोडशस्त्रक्रिया दोन्ही मार्ग एका बैठकीत करते. ट्रॅबेक्युलोटॉमीसाठी उचललेल्या पापुद्र्याखालीच आतला एक छोटा तुकडा काढून पाण्याला आवरणाखाली झिरपायला वाट ठेवतात, हीच ट्रॅबेक्युलेक्टॉमी. वरच्या पापणीखाली एक छोटा फुगवटा तयार होतो, त्याला ब्लेब म्हणतात. भारतात ही शस्त्रक्रिया खूप होते आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे बरीच मुलं उशिरा येतात, दोन्ही काचा पांढऱ्या घेऊन येतात आणि त्यांना पुन्हा पुन्हा भूल देण्याची सोय नसते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. अनिल कुमार मंडल यांनी तान्ह्या मुलांवर अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने केल्या, दोन्ही डोळ्यांवर एकाच भुलेत केल्या आणि त्यांचे निकाल प्रसिद्ध केले. त्यांना २००३ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. तेव्हा 'दोन्ही डोळे एकदम' हे ऐकून घाबरू नका. सरावलेल्या ठिकाणी, प्रत्येक डोळ्यासाठी वेगळी उपकरणं वापरून, हे रीतसर केलं जातं.

पण नव्या वाटेची किंमतही सांगितली पाहिजे. लहान मुलांची जखम फार जोमाने भरते, त्यामुळे ती वाट बंद पडू शकते. बंद पडू नये म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध लावलं तर ब्लेब पातळ होण्याचा धोका असतो. पातळ ब्लेब गळतो आणि वर्षांनंतरही त्यातून जंतू डोळ्यात शिरू शकतात. ब्लेब असलेल्या मुलाचा डोळा लाल झाला किंवा चिकट घाण आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, हा नियम जन्मभर पाळावा लागतो.

मग श्रेष्ठ कोणती? २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. १६ चाचण्या मिळाल्या, सगळे डोळे मिळून सहाशेसुद्धा भरले नाहीत. निष्कर्ष सावध आहे. नुसती ट्रॅबेक्युलोटॉमी आणि जोडशस्त्रक्रिया यांत यशाचा फरक फारसा दिसत नाही. पूर्ण फेऱ्याची ट्रॅबेक्युलोटॉमी नेहमीच्या ट्रॅबेक्युलोटॉमीपेक्षा अधिक यशस्वी ठरण्याची शक्यता आहे, पण पुरावा पक्का नाही. एकीचं पारडं निर्विवाद जड असतं तर दोन चांगल्या डॉक्टरांनी तुम्हाला दोन सल्ले दिले नसते. दोघांपैकी कोणीही चुकीचं सांगितलेलं नाही.

मी बाळाला पाहिलेलं नाही, तरी तुम्ही दिलेल्या मापांवरून माझं मत सांगते. उजवा डोळा स्वच्छ आहे, वय उत्तम आहे. या डोळ्याला आधी फक्त जाळी उघडणारी शस्त्रक्रिया मिळावी असं मला वाटतं. ती गोनिओटॉमी असो वा पूर्ण फेऱ्याची ट्रॅबेक्युलोटॉमी, सर्जनचा हात जिच्यावर बसलाय ती. पहिल्याच फेरीत तिथे ब्लेब करावा का, हे हैदराबादच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. विचारल्याचा राग चांगला सर्जन धरत नाही. त्यांना तपासणीत कोनाबद्दल काही वेगळं दिसलं असेल तर ते सांगतील आणि तेव्हा त्यांचं ऐका. डाव्या डोळ्याची गोष्ट निराळी. साडेतेरा मिलिमीटर, धुरकट काच, ३२ दाब. तिथे ट्रॅबेक्युलोटॉमी आणि जोडशस्त्रक्रिया दोन्ही रास्त आहेत. पुन्हा भूल देण्याची वेळ टळावी म्हणून तिथे जोडशस्त्रक्रिया निवडली तर मला पटेल.

एक गोष्ट मात्र मला शस्त्रक्रियेच्या नावापेक्षा महत्त्वाची वाटते, आणि ती कोणत्याही चाचणीत मोजलेली नसते. तुम्ही पुढची दहा वर्षं कुठे जाऊ शकणार आहात? या आजारात शस्त्रक्रिया ही सुरुवात असते. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, मग पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे जन्मभर तपासणी. नांदेडहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे, रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचता येतं. पण पुण्यात माहेरचं कोणी असेल, बाळाला घेऊन चार दिवस राहता येत असेल, तर हिशेब बदलतो. दोन्ही डॉक्टरांना विचारा: तान्ह्या मुलांचा काचबिंदू वर्षाकाठी किती वेळा हाताळता? तिथे तान्ह्यांना भूल देणारे डॉक्टर रोजचे आहेत का? ही शस्त्रक्रिया अपुरी पडली तर पुढची तुम्हीच करणार की दुसरीकडे पाठवणार? पुढचा चष्मा आणि पट्टीचं काम तिथेच होतं का? या उत्तरांवरून तुमचा निर्णय होईल. आणि तो याच आठवड्यात व्हायला हवा. तिसरा, चौथा सल्ला घेत फिरू नका.

ट्यूब आणि लेझर हे शब्दही तुमच्या कानावर येतील, म्हणून थोडक्यात. जाळी उघडूनही दाब उतरला नाही तर डोळ्यात बारीक नळी बसवून तिचं बशीसारखं दुसरं टोक पांढऱ्या भिंतीवर शिवतात. अहमद व्हॉल्व हे त्यातलं जुनं नाव. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेल्या ट्यूबमुळे हा उपचार आपल्या लोकांच्या आवाक्यात आला. लेझरने द्रव तयार करणारा भागच जाळणं हा उपाय सगळं थकल्यावरचा. तुमच्या बाळाला आज या दोन्हींची गरज नाही.

थेंबांविषयी. टिमोलॉल तान्ह्यांना जपून द्यावं लागतं, त्याने श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. थेंब घातल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या कडेला, एक-दोन मिनिटं बोटाने अलगद दाबून धरा, म्हणजे औषध नाकातून रक्तात कमी जाईल. बाळ पेंगुळलं, दूध ओढेना, छातीतून घरघर आली, तर थेंब थांबवून लगेच बालरोगतज्ज्ञ गाठा. आणि ब्रिमोनिडीन हे नाव लक्षात ठेवा. मोठ्यांच्या काचबिंदूत ते सर्रास देतात, दोन वर्षांखालच्या मुलाला ते द्यायचं नसतं, त्याने बाळाचा श्वास थांबू शकतो. दुकानदाराने 'हेच ते, कंपनी वेगळी' म्हणून बाटली बदलून दिली तर आधी त्यावरचं औषधाचं नाव वाचा. डोळ्यात अंगावरचं दूध, मध, तूप यातलं काही घालायचं नाही, काजळ तर नाहीच. आत्याबाई प्रेमाने म्हणतील, पण यात ऐकू नका.

भुलेची भीती रास्त आहे, तिला उडवून लावणार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली सावध केलं की तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा लांब किंवा पुन्हा पुन्हा भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. २०१९ साली मात्र एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तान्हेपणी तासाभराच्या आतली एकच भूल मिळालेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर तपासली. त्यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. तुमच्या मुलीला एकाहून जास्त वेळा भूल लागेल, हे खरं. म्हणून तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलेत उरकावी, दोन्ही डोळ्यांचं काम शक्य तर एकदम व्हावं. पुढे दाब मोजायला हातात धरायचं छोटं यंत्र मिळतं, त्याला डोळा बधिर करावा लागत नाही. बाळ दूध पिता पिता किंवा झोपेत मोजून घेता येतं. त्याने काही भुली तरी वाचतात. पण ताई, तुलना कशाशी करायची आहे ते विसरू नका. एका बाजूला भुलेचा थोडा धोका आहे, दुसऱ्या बाजूला उपचारावाचून जवळजवळ ठरलेलं अंधत्व.

घरात हे समजावणं तुम्हालाच जड जाणार आहे, मला कल्पना आहे. आत्याबाईंना एकदा सोबत घेऊन जा. जन्मापासूनचे मोबाइलमधले फोटो ओळीने लावून दाखवा. डावा डोळा महिन्या-महिन्याला कसा वाढत गेला हे त्यांना स्वतः दिसलं की डॉक्टरांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. डॉक्टरांनाही ते फोटो कामाला येतील.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत थोडं रक्त दिसेल. जाळी उघडल्यावर ते येतंच आणि बहुधा काही दिवसांत ओसरतं. काच स्वच्छ व्हायला आठवडे लागतात, दुसऱ्या दिवशी झाक तशीच दिसली तर शस्त्रक्रिया फसली असं समजू नका. चिरांच्या रेघा मात्र राहतात. दाब उतरला तरी नजर आपोआप येत नाही. ताणलेल्या डोळ्याला मोठा मायनस नंबर आणि तिरपा नंबर असतो, डाव्याला उजव्यापेक्षा जास्त. चष्मा काही महिन्यांच्या बाळालाही लावता येतो, मागे इलॅस्टिक लावून. मग उजव्या डोळ्यावर रोज ठरल्या वेळी पट्टी, म्हणजे मेंदू डाव्याला कामाला लावेल. ती रडेल, ओरबाडून काढेल, शेजारी बोलतील. तरी लावायची. दाब उत्तम राखलेले डोळे केवळ पट्टीच्या कंटाळ्यापायी मंद राहिलेले मी पाहिले आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. चष्म्याच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्या, ताणलेला डोळा मार लागला तर लवकर फुटतो. पुन्हा पाणी यायला लागलं, उजेड टाळू लागली, नंबर झपाट्याने वाढला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जा. वर्षानुवर्षं ठीक असलेला दाब कधी कधी शाळेच्या वयात पुन्हा चढतो.

आता नात्यातल्या लग्नाचं. या आजाराची काही जनुकं माहीत आहेत. सगळ्यात जास्त सापडणारं सीवायपी१बी१. त्याची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तरच आजार होतो. एकच बिघडलेली प्रत असलेल्या माणसाला वाहक म्हणतात. त्याचे डोळे अगदी चांगले असतात, त्याला पत्ताही नसतो. आजोबांकडून ती तुमच्या वडिलांकडे आणि आत्यांकडे, दोघांकडे आली असू शकते. नात्यातल्या लग्नात अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते, एवढंच. आंध्रात केलेल्या पाहणीत हा आजार सुमारे ३३०० जन्मांमागे एका बाळाला आढळला, पाश्चात्त्य देशांत तो दहा हजारांत एकालाही क्वचित होतो. पण नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या मुलांनाही तो होतो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होत आलंय आणि तुमच्या पोटातल्या बाळावर कुणी जाणूनबुजून काही केलेलं नाही. हा दोष तुमचा नाही, तुमच्या यजमानांचा नाही, आत्याबाईंचाही नाही. घरात कुणी बोट दाखवलं तर हा परिच्छेद वाचायला द्या.

तुम्ही दोघं वाहक असाल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक, म्हणजे चारात तीन वेळा बाळ निरोगी. रक्ताची जनुक तपासणी करून घ्या, आधी मुलीची, मग तुमची दोघांची. दोष सापडला तर पुढच्या वेळी गरोदरपणातही तपासणी करता येते. सापडो न सापडो, पुढच्या बाळाचे डोळे पहिल्याच आठवड्यात काचबिंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. महाराष्ट्रात शस्त्रक्रिया करायची ठरली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. बाळाचा जन्मदाखला आणि शिधापत्रिका सोबत ठेवा. हैदराबादला जाणार असाल तर तिथल्या समाजसेवा विभागाला फोन करून सवलतीची चौकशी करा.

तारीख मिळाली की भुलेच्या डॉक्टरांकडून उपाशी ठेवण्याची वेळ लिहून घ्या. अंगावरचं दूध बहुधा चार तास आधीपर्यंत चालतं, वरचं दूध सहा तास. सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर आदल्या दिवशीच कळवा. ते तारीख आठवडा-दोन आठवडे पुढे नेतील. तेवढ्याने बिघडत नाही, पण नवी तारीख फोन ठेवायच्या आत घ्या.